आयफोनचं सोंग

टीव्हीवर होऊन गेलेले कार्यक्रम घरबसल्या इंटरनेटवरून पाहता यावेत म्हणून बीबीसीने 2007 च्या जुलैत आयप्लेअर चाचणीसाठी खुला केला. डाउनलोड केलेला कार्यक्रम 30 दिवसांनी आपोआप निकामी व्हायचा. पाहायला सुरुवात केली की 7 दिवसांतच. कुलूप मायक्रोसॉफ्टचं, त्यामुळे विंडोज एक्सपी नसेल तर दारातच अडवणूक. मॅक आणि लिनक्सवाले भडकले. भडकणारच! टीव्ही परवान्याचे 135.50 पौंड त्यांनीही भरले होते. (स्विंडनला स्थायिक झालेल्या आपल्या गोंयकारांनाही हा परवाना चुकत नाही.)

7 मार्च 2008 ला आयप्लेअर आयफोनवर आला. आयफोनला ना ते कुलूप समजे, ना फ्लॅश. म्हणून बीबीसीने त्याच्यासाठी साध्या एमपी-4 फाइली ठेवल्या, कुलपाविना. आता सर्व्हर आयफोन ओळखणार कसा? ब्राउझर स्वतःचं जे नाव सांगेल त्यावरून! लोकांनी फायरफॉक्सला आयफोनचं सोंग घ्यायला लावलं आणि फाइल थेट आपल्या डिस्कवर उतरवली. काही दिवसांत बीबीसीने ते भोक बुजवलं, तर लगेच दुसरं सापडलं.

खरी गंमत पुढेच आहे. हेच कार्यक्रम बीबीसी रोज अँटेनावरून उघडे सोडत होती. टेप करून कपाटात ठेवले तर कोणी विचारत नव्हतं. कार्यक्रमांच्या हक्कदारांसाठी कुलूप लावावं लागतं, असं बीबीसी म्हणे. ते खोटं नव्हे. पण युक्ती ठाऊक असलेल्याकडे फाइल कायमची राहिली, आणि मुकाट नियम पाळणाऱ्याची 30 दिवसांनी गेली.