पेयाची पारख : कराडपासून पलूसपर्यंत

सातारा आणि सांगली हे जिल्हे म्हटले म्हणजे कराडचा प्रीतिसंगम, तासगांवचीं द्राक्षें, सांगलीची हळद आणि १९४२ नंतरचें प्रतिसरकार ह्या गोष्टी डोळ्यांपुढें उभ्या राहतात. मद्याची चव आणि तिची पारख हा विषय ह्या मुलुखाशीं कोणी सहसा जोडणार नाहीं. सुशिक्षित घरांत तो काढणेंही थोडें अवघडच. परंतु पलूस तालुक्यांत एक विलक्षण योग जुळून आला आहे. ज्या कुंडल गांवाच्या आश्रयानें प्रतिसरकार वाढलें आणि ज्या प्रतिसरकारनें गांवोगांव दारूबंदीचा दंडक घातला, त्या कुंडलच्या शेजारींच, पलूस येथें, एकविसाव्या शतकाच्या आरंभीं सरकारनें द्राक्षांची वाइन करणाऱ्या कारखान्यांसाठीं खास वसाहत आंखली.

हा केवळ धोरणांतला उलटफेर नव्हे. पेयाकडे पाहावयाचें तें व्यसन म्हणून, कराचें साधन म्हणून, कीं एका जमिनीचें व एका कसबाचें फळ म्हणून, हा जुनाच प्रश्न त्याच्या मागें आहे. तिसऱ्या दृष्टीनें पाहणारासच चव घेऊन एका पेयाची दुसऱ्याशीं तुलना करावी लागते. पहिल्या दोघांना तिची गरज पडत नाहीं.

ही तुलनेची दृष्टि पश्चिमेकडून आली, अशी एक समजूत आहे. ती खरी नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत 'सुराध्यक्ष' नांवाचा एक अधिकारी आहे व त्याच्या प्रकरणांत मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे मद्याचे सहा प्रकार कृतींसह दिले आहेत. त्यांतलें मेदक म्हणजे तांदुळाची पातळ बीअरच म्हणावयास हरकत नाहीं. सोळा प्रस्थ पाण्याला दोन प्रस्थ तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व, असें तिचें प्रमाण. किण्व म्हणजे आंबविण्याचें विरजण. तें उडदाच्या लगद्यांत तांदूळ व कांहीं वनस्पति घालून करीत. मधु हें मात्र द्राक्षरसाचें, आणि त्याला जीं नांवें दिलीं आहेत तीं प्रदेशांवरून : कापिशायन आणि हारहूरक. कापिशायन म्हणजे काबूलच्या उत्तरेकडील कपिशा देशचें. पेयाला गांवाचें नांव देणें हीच पारखीची पहिली खूण होय. जेथें दोन ठिकाणच्या मालांतला फरक जिभेला कळतो, तेथेंच नांवें वेगळीं ठेवावीं लागतात.

ह्याच प्रकरणांत पानगृह कसें असावें, हेंही सांगितलें आहे. त्याला अनेक दालनें असावींत, निरनिराळीं आसनें व शय्या असाव्यात, गंध, माळा आणि पाणी असावें, आणि तें प्रत्येक ऋतूंत सुखकर असावें. उत्सवाच्या व यात्रेच्या दिवसांत लोकांना चार दिवसांची मोकळीक द्यावी, असाही नियम आहे. कौटिल्य करवसुलींत कोणाला हार जाणारा नव्हता. पण वसुली करावयाची ती वस्तु काय आहे, हें त्याला ठाऊक होतें.

अर्थशास्त्र उत्तरेकडचें. दक्षिणेंत काय होतें, ह्याची साक्ष एका ग्रीक खलाशाच्या पुस्तकांतून मिळते. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतल्या 'पेरिप्लस' ह्या समुद्रवर्णनांत भडोच बंदरांत उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तींत मद्य येतें तें मुख्यतः इटलीचें, शिवाय लाओदिकियाचें आणि अरबस्तानाचें. राजासाठीं आणावयाचें उंची मद्य त्यांत निराळें सांगितलें आहे. भडोचच्या बाजाराचा पैठण आणि तेर ह्या दख्खनच्या पेठांशीं संबंध होता, हेंही तोच ग्रंथ सांगतो. नेवासें येथील उत्खननांत रोमन पद्धतीच्या दोन कानांच्या उंच रांजणांचे तुकडे मिळाले. अशा रांजणांतून मद्य व तेल येत असे. कृष्णाकांठीं कराड हें त्या काळचें नांवाजलेलें गांव; भारहुतच्या स्तूपावरील दानलेखांत करहकटच्या लोकांचा उल्लेख आहे आणि गांवाजवळच आगाशिवच्या डोंगरांत बौद्ध लेणीं आहेत. आणखी दक्षिणेला, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर, समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची मूर्ति निघाली. भूमध्य समुद्राकडचा माल ह्या खोऱ्याच्या उंबरठ्यापर्यंत येत होता एवढें ह्यावरून निश्चित होतें. इटलीचें मद्य अरबस्तानाच्या मद्याहून वेगळें ओळखणारें गिऱ्हाईक ह्या देशांत होतें, हें तर व्यापाऱ्याची यादीच सांगते. व्यापारी उगाच तीन नांवें लिहीत नाहीं.

मधलीं शतकें ओलांडून इंग्रजी अमदानींत यावें, तों चित्र पालटलेलें दिसतें. १८२८ सालीं मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यानें महाबळेश्वरास आरोग्यस्थान वसविण्याचें ठरविलें, आणि पुढच्याच वर्षीं छत्रपति प्रतापसिंह महाराजांकडून तो मुलूख खंडाळ्याच्या बदल्यांत घेतला. १८४८ सालीं आप्पासाहेब महाराज निवर्तले आणि सातारचें राज्य खालसा झालें. डोंगरावर साहेबांचे बंगले आणि खालीं छावणी अशी इंग्रज वस्ती ह्या जिल्ह्यांत रुजली. त्या काळच्या हिंदुस्थानांतील इंग्रजाचें नित्याचें पेय म्हणजे विलायतेहून आलेली बीअर.

ह्या बीअरचा इतिहास मोठा मौजेचा आहे. बीअर म्हणजे मोड आणून भाजलेल्या जवाचा आंबविलेला काढा. त्यांत हॉप नांवाच्या वेलीचीं फुलें घालतात. त्यांनीं कडवटपणा येतो आणि पेय लवकर नासतही नाहीं. हिंदुस्थानची वाट आफ्रिकेला वळसा घालून, महिनोन्‌महिन्यांची, आणि दोनदां विषुववृत्त ओलांडणारी. लंडनच्या पूर्वेस बो येथें हॉजसन नांवाचा मद्यकार होता. त्याची भट्टी कंपनीच्या गोद्यांजवळ असल्यामुळें आणि तो जहाजाच्या कप्तानांना दीर्घ मुदतीची उधारी देत असल्यामुळें अठराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानचा बाजार त्याच्या हातीं गेला. फिकट रंगाची, भरपूर हॉप घातलेली त्याची बीअर प्रवासांतच मुरून येई. पुढें १८२२ च्या सुमारास बर्टनच्या ऑल्सपनें तिची नक्कल केली आणि ती मुळाहून सरस ठरली. कारण बर्टनच्या विहिरींचें पाणी. त्यांत जिप्सम विपुल असल्यामुळें हॉपचा कडवटपणा स्वच्छ व तरतरीत उतरतो. बर्टनचाच दुसरा मद्यकार बास. त्याचा लाल त्रिकोण हा १८७६ सालीं इंग्लंडांत नोंदलेला पहिला व्यापारी शिक्का.

ह्यांतही पंक्तिभेद होताच. अधिकाऱ्यासाठीं फिकट एल, गोऱ्या शिपायासाठीं काळी, जाड पोर्टर. पण दोघांनाही आपली बाटली कोणाची, हें माहीत असे, आणि हॉजसन बरा कीं बास बरा ह्यावर ते वाद घालूं शकत.

एतद्देशीय रयतेच्या वांट्याला मात्र हा वाद कधीं आलाच नाहीं. तिच्यासाठीं होती अबकारी. ताडी काढावयाची तर झाडावर कर, मोहाची दारू गाळावयाची तर मक्ता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें हा सारा व्यवहार सरकारच्या मुठींत आणला. खेड्यांतल्या लहान भट्ट्या मोडल्या, आणि मोठ्या भट्टींतून निघालेला, कडकपणाच्या अंशावरून मोजलेला, एकसारखा माल गुत्त्यांवर आला. दारू किती कडक आणि किती स्वस्त, एवढे दोनच प्रश्न उरले. कोठली आणि कशी, हे प्रश्न बुडाले. जोतीराव फुले ह्यांचें मूळ गांव सातारा जिल्ह्यांतील कटगुण. १८८० सालीं पुण्याच्या नगरपालिकेंत वाढत्या गुत्त्यांविरुद्ध त्यांनीं लेखी तक्रार केली. ज्या व्यवस्थेंत पिणारा हा केवळ महसुलाचा आंकडा असतो, तिच्याविरुद्धची ती तक्रार होती. दारूचा तिटकारा आणि परकी सत्तेचा तिटकारा हे पुढच्या दोन पिढ्यांत एकमेकांत मिसळून गेले ते अशा कारणांनीं.

क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनें १९४३ पासून तीन वर्षें जी गांवकी चालविली, तींत न्यायदान मंडळें होतीं, कमी खर्चाचीं गांधी-लग्नें होतीं आणि दारूबंदीही होती. ते लोक मद्याचे रसिक नव्हते, आणि त्यांनीं तें असावें अशी अपेक्षा करणें हास्यास्पद होईल. कर्जबाजारी शेतकऱ्याचा संसार ज्या दुकानांत बुडतो, तें दुकान बंद करणें एवढेंच त्यांना दिसत होतें, आणि तें बरोबर दिसत होतें. १९४९ सालीं दक्षिण सातारा हा जिल्हा निराळा झाला, त्यालाच १९६० पासून सांगली जिल्हा म्हणतात. त्याच १९४९ सालीं मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा झाला. १९६० नंतरच्या दशकांत बंदी सैल होत गेली. पण कायदा पुसला गेला नाहीं. महाराष्ट्रांत मद्य पिण्यासाठीं परवाना लागतो, हें आजही कायद्याच्या पुस्तकांत आहे. दुकानें परत आलीं, ऊसाच्या मळीपासूनचा मद्यार्कही आला. पारख तेवढी आली नाहीं.

ती यावी अशी आशा द्राक्षांनीं निर्माण केली. तासगांवच्या बागाइतदाराइतका चिकित्सक शेतकरी विरळा. थॉम्पसन सीडलेस ह्या परदेशी जातींतून ह्याच भागांत निवडलेली 'तास-ए-गणेश' महाराष्ट्रभर गेली. एप्रिलांत खरड छाटणी, ऑक्टोबरांत फळ छाटणी आणि फेब्रुवारी-मार्चांत काढणी, हें येथलें वेळापत्रक. एखादा अवकाळी पाऊस वर्षाची मेहनत धुवून नेतो. भाव पडला तर उरलेल्या मालाचा बेदाणा करावयाचा, हा जुना आधार. २००१ सालीं राज्यानें द्राक्षप्रक्रियेचें धोरण जाहीर केलें, राज्यांतल्या वाइनला अबकारी करांत सूट दिली, आणि नाशिक जिल्ह्यांत विंचूर व सांगली जिल्ह्यांत पलूस अशा दोन वसाहती नेमल्या. बागाइतदाराला तिसरें गिऱ्हाईक मिळेल, असा हिशेब होता.

हिशेबांत एक गोष्ट निसटली. खाण्याचें द्राक्ष आणि वाइनचें द्राक्ष ह्या दोन भिन्न वस्तु आहेत. खाण्याचें द्राक्ष मोठें, पातळ सालीचें, बिनबियांचें, सौम्य. वाइनला हवें लहान, जाड सालीचें, बियांचें, साखरेनें गच्च आणि तरीही आंबटपणा टिकवून असलेलें. कारण रंग, वास व तुरटपणा सालींत आणि बियांत असतो. शिराझ, काबर्ने सोव्हिन्यों, शनँ ब्लां ह्या जाती त्यासाठीं लावाव्या लागल्या. मार्चच्या उन्हांत साखर भराभर चढते आणि आंबटपणा उतरतो. चार दिवस उशीर झाला तर वाइन बसकी होते. ह्या जातींचीं द्राक्षें भाव पडला म्हणून पेठेंत खाण्यासाठीं विकतां येत नाहींत. मग २००८-०९ ची जागतिक मंदी आली, वाइनची मागणी घसरली, अनेक कारखाने बंद पडले, आणि वाइनचीं द्राक्षें लावलेल्या कित्येकांनीं वेल उपटून काढले. विंचूरला नाशिकच्या पर्यटनाचा आणि मुंबईच्या सान्निध्याचा आधार होता. पलूसला तो नव्हता.

ह्याच सुमारास, २००९ सालीं, पुण्यांत 'डूलाली' ही लहान ब्रुअरी सुरू झाली व बीअरच्या तुलनेचा छंद शहरी मंडळींत पसरूं लागला. ह्या छंदाचे नियम साधे आहेत. सौम्यापासून कडूकडे आणि फिकटापासून काळ्याकडे जावयाचें, मध्यें पाण्याचा घोट घ्यावयाचा, आणि बर्फासारखें थंड कांहीं घ्यावयाचें नाहीं, कारण थंडीनें जीभ बधिर होते व पेयाचे दोष झांकले जातात. गव्हाच्या बीअरला केळ्याचा व लवंगेचा वास येतो. त्यांत केळें नसतें कीं लवंग नसते, तो यीस्टचा गुण. घोट लहान, बोलणें पुष्कळ. गुत्त्याच्या अगदीं उलट रीत, असें कोणी म्हणेल. पण मद्यार्क तोच, आणि शरीराला रसिकता समजत नाहीं, हेंही विसरतां येत नाहीं.

तें विसरूं न देणारे लोक ह्या मुलुखांत आहेत. सातारा येथें डॉ. नरेंद्र दाभोलकरांनीं 'परिवर्तन' ही व्यसनमुक्तीची संस्था उभी केली. गांवांतील स्त्रियांनीं मतदान करून दारूचें दुकान बंद करण्याची तरतूद राज्यांत झाली. मतपत्रिकेवर दोन चित्रें : उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला निम्म्याहून अधिक मतें पडलीं कीं दुकान उठलें. जानेवारी २०२२ मध्यें मोठ्या दुकानांतून वाइन विकूं देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानें घेतला, तेव्हां शेतकऱ्याचें हित आणि घराचें हित हे दोन्ही पक्ष पुन्हां समोरासमोर आले. वाइन ही दारू नव्हे, असें समर्थकांनीं सांगून पाहिलें. तें कोणाला पटण्यासारखें नव्हतें. द्राक्षाच्या बाजूनें बोलावयाला त्याहून चांगलीं कारणें होतीं.

नाशिकच्या वाइनला 'नाशिक व्हॅली' हें भौगोलिक मानांकन मिळालें. कापिशायनाचीच ही रीत, दोन हजार वर्षांनीं कायद्यानें नोंदलेली. सांगलीलाही असें मानांकन २०१६ सालीं मिळालें, परंतु तें बेदाण्याला. द्राक्षें पोटॅशियम कार्बोनेट व तेलाच्या पाण्यांत बुडवून, शेडमधील जाळ्यांवर सावलींत वाळविलीं जातात. सांगलीच्या आणि तासगांवच्या सौद्यांत व्यापारी पुढ्यांतला नमुना तळहातावर घेतात, रंग पाहतात, आकार पाहतात, एखादा दाणा दाढेखालीं दाबतात आणि मग भाव बोलतात.