बार्शीचे नाव, पंढरीची वाट

पंढरपूरला रेल्वे १९०६ साली पोचली. मुंबई–सोलापूर मार्गावरच्या कुर्डुवाडीहून निघून मोडनिंब, आष्टी करत तिकडे जाणारा हा अडीच फूट रुंदीचा अरुंद रूळमार्ग होता. त्याची मालक होती बार्शी लाईट रेल्वे कंपनी. वारकऱ्यांच्या सर्वांत मोठ्या क्षेत्राकडे जाणाऱ्या गाडीच्या नावात पंढरपूर नव्हते, विठ्ठल नव्हता, भीमाही नव्हती. या मार्गाने कोणाला डोळ्यांसमोर ठेवून स्वतःची ओळख ठरवली आणि प्रत्यक्षात त्यावरून कोण गेले, यांतले अंतर त्याच्या पाट्या, तिकिटे आणि वेळापत्रके पाहिली की समजते.

नाव आधीच ठरलेले होते. कंपनी १८९५ मध्ये लंडनमध्ये नोंदली गेली. तिचा प्रवर्तक एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेत, म्हणजे जीआयपीत, काम केलेला अभियंता होता. बार्शी ही तेव्हा कापसाची आणि धान्याची मोठी पेठ होती, पण जीआयपीचा मार्ग तिला टाळून सुमारे २१ मैलांवरून गेला होता. हे अंतर जोडणारा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला. लंडनच्या भागधारकाला बार्शीचा कापूस समजत होता. तिथून येणारे उत्पन्न त्याला अंदाजता येत होते. त्यामुळे कंपनीने पेठेचे नाव घेतले, आणि पुढे मार्ग पंढरपूर, लातूर, मिरज असा पसरला तरी ते बदलले नाही.

कंपनीच्या नावातला ‘लाईट’ हा शब्द रुळांवर पडणाऱ्या भाराविषयी होता. दर आसाला पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, हे तत्त्व धरून कॅलथ्रॉपने डबे, वाघिणी आणि इंजिने आखली. लीड्सच्या किट्सन कारखान्यातली इंजिने आणि पोलादी सांगाड्याच्या लांब वाघिणी १८९७ मध्ये लीड्सजवळ न्यूले येथे खास रूळ टाकून अभियंत्यांना चालवून दाखवण्यात आल्या. अरुंद मार्ग म्हणजे खेळणे नव्हे, हे जगाला पटवण्याचा तो प्रयत्न होता. पंढरपूरचा फाटा सुरू झाला त्याच सुमारास, १९०८ मध्ये, लंडनच्या भुयारी रेल्वे कंपन्यांनी ‘अंडरग्राउंड’ असे एक समान नाव आणि एकत्र नकाशा स्वीकारला. तिथे प्रश्न वाचता येणाऱ्या शहरी प्रवाशाला अनेक कंपन्यांच्या गुंत्यातून वाट दाखवण्याचा होता. सोलापूर जिल्ह्यात कंपनी एकच होती, आणि प्रवासी बहुतांशी निरक्षर होते.

पंढरपूरला जाणाऱ्याची पहिली अडचण मोठ्या मार्गावरच सुरू होई. जीआयपीचे रूळ पुण्याकडून १८५९ मध्ये कुर्डुवाडीपर्यंत आले आणि १८६० मध्ये सोलापूरला पोचले. त्या काळी कुर्डुवाडीच्या स्थानकाला ‘बार्शी रोड’ असे नाव देण्यात आले. मार्ग ज्या मोठ्या गावाजवळून जातो पण ज्याला शिवत नाही, त्याच्या नावापुढे ‘रोड’ जोडण्याची रेल्वेची रीत होती. नाशिक रोड, अक्कलकोट रोड, सातारा रोड ही स्थानके त्याच रीतीची. अक्कलकोट रोडला उतरणाऱ्या भाविकाला निदान आपले क्षेत्र इथून जवळ आहे एवढे तरी नावावरून कळे. बार्शी रोडच्या पाटीवर मात्र दुसऱ्याच गावाचे नाव होते. पंढरपूरचे यात्रेकरू इथे किंवा मोहोळसारख्या स्थानकावर उतरून बैलगाडीने अथवा पायी पुढे जात. बार्शी रोडहून पंढरपूर ३० मैलांहून अधिक दूर, आणि तेही बार्शीच्या उलट दिशेला.

१९०६ नंतर गोंधळाचे स्वरूप बदलले. आता बार्शी रोडला उतरून अरुंद मार्गाच्या फलाटावर जायचे होते, पण तिथून दोन वाटा फुटत: एक पूर्वेला बार्शीकडे, दुसरी दक्षिणेला पंढरपूरकडे. दोन्हींवर त्याच कंपनीच्या गाड्या, तेच डबे, त्याच रुंदीचे रूळ. गाडीच्या रूपावरून दिशा ओळखता येणे शक्य नव्हते. पाटी वाचावी लागे किंवा कोणाला तरी विचारावे लागे. पंढरपूरला मात्र असा प्रश्न नव्हता. १९२७ पर्यंत ते शेवटचे स्थानक होते, आणि तिथून सुटणारी प्रत्येक गाडी एकाच दिशेला जात असे.

पाट्यांविषयी कायदा होता, आणि तो आजच्या वाचकाला वाटेल त्यापेक्षा बारकाईचा होता. १८९० च्या भारतीय रेल्वे अधिनियमाने प्रत्येक स्थानकावर वेळापत्रक आणि भाड्याचा तक्ता ठळक जागी लावणे बंधनकारक केले होते, आणि तो इंग्रजीत तसेच त्या भागात चालणाऱ्या देशी भाषेत असावा असे सांगितले होते. प्रत्येक खणात जास्तीत जास्त किती माणसे बसवायची तो आकडा खणावर लिहायचा होता. स्त्रियांसाठी स्वतंत्र खण राखायचे होते. तिकिटाची तरतूद त्याहून बोलकी आहे: सर्वांत खालच्या वर्गाच्या तिकिटावर कुठून कुठे, कोणत्या वर्गाने आणि किती भाडे हा मजकूर त्या प्रदेशाच्या मुख्य देशी भाषेत असावा, इतर वर्गांच्या तिकिटांवर तो इंग्रजीत असावा. म्हणजे मराठी ही तिसऱ्या वर्गाची भाषा म्हणून रेल्वेत शिरली. ही प्रवाशांची सोय होती, यात शंका नाही, पण समाजाची उतरंड तिकिटाच्या पुठ्ठ्यापर्यंत पोचली होती हेही त्यातून उघड होते.

छापलेल्या मराठीचा उपयोग किती जणांना होता? १९०१ च्या जनगणनेत देशातली साक्षरता जेमतेम ५ टक्के होती. पुरुषांत सुमारे १० टक्के आणि स्त्रियांत १ टक्क्याहून कमी. वारीला येणाऱ्यांत शेतकरी, बलुतेदार आणि स्त्रिया यांचा भरणा मोठा. फलकावरचा भाड्याचा तक्ता त्यांतल्या बहुतेकांना मुका होता. तिकीट खिडकीवर नेमके भाडे घेतले गेले की नाही हे त्यांना तपासता येत नव्हते, आणि खणावर लिहिलेला माणसांचा आकडा यात्रेच्या दिवसांत पाळला जातो की नाही हे विचारण्याइतके बळ कोणाकडे नव्हते. भारतातील अनेक रेल्वे यात्रेच्या गर्दीत प्रवाशांना मालडब्यांत बसवत. यात्रेकरूंच्या तक्रारींत हा विषय वारंवार येई.

वेळापत्रकाचा प्रश्न पाटीपेक्षाही अवघड होता, कारण रेल्वे आणि यात्रेकरू वेगवेगळी कालगणना वापरत. पंढरपूरच्या चार मोठ्या यात्रा आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री, चारही शुक्ल एकादशीच्या. इंग्रजी तारखेने पाहिले तर त्या दरवर्षी सरकतात: आषाढी एकादशी २०२३ मध्ये २९ जूनला आली आणि अधिक श्रावणानंतरच्या वर्षी, २०२४ मध्ये, १७ जुलैला. कंपनीचा हिशेब महिन्याच्या तारखेवर चाले, जादा गाड्यांची आखणी मात्र पंचांग उघडून करावी लागे. प्रवाशाला ‘अमुक तारखेला जादा गाडी’ हे सांगून काही कळत नसे. ‘दशमीला’ म्हटले की कळे. परतीची गर्दी द्वादशीचे पारणे सुटल्यावर उसळे, आणि पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला की तिची दुसरी लाट येई. जाताना लोक अनेक दिवसांत विखरून येत, परतताना दोन-तीन दिवसांत एकदम. पायी आलेल्यांपैकीही पुष्कळ जण परत जाताना गाडी धरत. यात्रेच्या काळातली गाड्यांची आखणी जितकी परतीच्या या ओझ्याकडे पाहून करावी लागते, तितकी येण्याच्या गर्दीकडे पाहून नाही.

घड्याळही नवे होते. रेल्वेने १९०५ च्या जुलैत भारतीय प्रमाणवेळ स्वीकारली. त्याआधी गाड्या मद्रासच्या वेळेवर धावत. मुंबई शहराने आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. पंढरपूरची सूर्यावरून धरलेली वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे २९ मिनिटे मागे पडते. म्हणजे सूर्य डोक्यावर आला की बारा वाजले असे मानणारा यात्रेकरू दुपारी बाराच्या गाडीला अर्धा तास उशिरा पोचण्याची शक्यता होती. पंढरपूरचा फाटा सुरू झाला तो नेमका या नव्या वेळेच्या पहिल्या वर्षांत.

रेल्वेची खूण जिथे पुरी पडली नाही तिथे वारीची स्वतःची व्यवस्था उपयोगी आली, आणि ती रेल्वेहून जुनी होती. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी शिस्त लावली. त्यात प्रत्येक दिंडीची जागा ठरलेली, रथापुढे की रथामागे आणि कितव्या क्रमांकावर. पुढे पताका, मध्ये वीणेकरी. अक्षर न वाचणाराही गर्दीत आपली दिंडी शोधू शके. पंढरपूर गावातला पत्ता मठाच्या आणि फडाच्या नावाने चाले, गल्लीच्या पाटीने नव्हे. क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत गावागावांच्या यजमानांची पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद असे, आणि आपल्या यजमानाला उतरवून घेण्यासाठी त्यांची माणसे पुढे जात. एकट्यादुकट्या प्रवाशासाठी आखलेल्या रेल्वेवर लोक जथ्याने आले, आणि जथ्यात वाचणारा एक असला तरी भागत असे. निरक्षर प्रवाशांच्या या मार्गावर वाट दाखवण्याचे खरे काम माणसांनी केले, फलकांनी थोडे केले.

मार्ग वाढला तसा भाषांचा आणि राज्यांचा प्रश्नही वाढला. १९११ मध्ये रूळ लातूरला पोचले, आणि लातूर निजामाच्या राज्यात होते. तिथला कारभार उर्दूत, बोली मराठी. १९२७ मध्ये पंढरपूरहून सांगोला, जत रोड, ढालगाव, कवठे महांकाळ करत मार्ग मिरजेला भिडला. मिरज पटवर्धनांचे संस्थान. जत रोडच्या पाटीने ‘रोड’ची जुनी रीत इथेही चालू ठेवली. या विस्तारामुळे पंढरपूर शेवटचे स्थानक राहिले नाही. फलाटावरच्या प्रवाशाला पहिल्यांदाच कुर्डुवाडीकडची गाडी कोणती आणि मिरजेकडची कोणती हे विचारावे लागले. मिरजेला मीटरगेज होते, कुर्डुवाडीला ब्रॉडगेज, मध्ये बार्शी लाईटचा अरुंद मार्ग. कोल्हापूर भागातून रेल्वेने मुंबईकडे जायला पंढरपूरची वाट धरणाऱ्याला दोनदा गाडी बदलावी लागे, आणि माल प्रत्येक वेळी उतरवून पुन्हा भरावा लागे.

१ जानेवारी १९५४ रोजी सरकारने हा मार्ग ताब्यात घेतला आणि तो मध्य रेल्वेचा भाग झाला. कंपनीचे नाव कागदावरून गेले, पण ‘बार्शी लाईट’ हा शब्द लोकांच्या तोंडी राहिला. पन्नास वर्षांत प्रवाशांनी ते नाव आपले केले होते. बार्शी रोडची पाटी जाऊन कुर्डुवाडीची आली, आणि अरुंद मार्गाच्या गाड्यांची दुरुस्ती करणारा कारखाना तिथे चालू राहिला. पिवळ्या पार्श्वभूमीवर काळ्या अक्षरांच्या आजच्या पाटीवर मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन ओळी असतात. मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत असल्याने महाराष्ट्रातल्या बऱ्याच स्थानकांवर वरच्या दोन ओळी अक्षरशः एकसारख्या दिसतात; त्यातली एक मराठीची आहे हे ओळखायला जागेवरून पाहावे लागते. १८९० च्या कायद्याने तिकिटावर तिसऱ्या वर्गापुरती राखलेली भाषा अशा रीतीने पहिल्या ओळीवर आली.

२००० नंतरच्या दशकात अरुंद रूळ टप्प्याटप्प्याने उखडून ब्रॉडगेज टाकण्यात आला. लातूर–कुर्डुवाडी भाग २००८ पर्यंत पुरा झाला, आणि जुना मार्ग ज्या उस्मानाबादला टाळून येडशीवरून जाई, ते शहर नव्या आखणीत मार्गावर आले. त्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले आणि त्यानंतर स्थानकाची पाटीही बदलली. आषाढीला आता नागपूर, अमरावती, खामगाव, भुसावळ अशा ठिकाणांहून पंढरपूरला थेट जादा गाड्या येतात. मध्य रेल्वेच्या जाहिरातीत त्यांचा उल्लेख आषाढी विशेष गाडी असा होतो, तारखेआधी यात्रेचे नाव.