स्त्रियांची केसगळती : कारण, काळ आणि उपचार

न्हाण्यानंतर मोरीच्या जाळीवर साठलेला गुंता पाहून बाईच्या काळजात धस्स होते आणि पहिला प्रश्न येतो, ‘कोणतं तेल लावू?’ शास्त्राच्या क्रमाने पाहिले तर हा प्रश्न शेवटचा. ‘केस गळतात’ ही तक्रार एकच असली तरी तिच्यामागे पाच वेगळ्या घटना असू शकतात. पूर्ण वाढलेले केस एकदम सुटतात, वाढीच्या भरातला केस मध्येच खुंटतो, प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक उगवतो, केस मधूनच तुटतो किंवा केस उगवणारी जागाच नष्ट होते. या पाचांना एक औषध लागू पडणे शक्य नाही. त्या ओळखायच्या कशा? सर्वांत भरवशाची खूण काळाची आहे. गळती किती दिवसांत सुरू झाली, किती काळ टिकली आणि त्याआधी शरीरावर काय ओढवले होते, एवढे नीट कळले की निम्मे निदान झाले.

१. केसाचे चक्र

माणसाच्या टाळूवर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस त्वचेतल्या केशपुटकातून उगवतो आणि प्रत्येक पुटक आपल्या स्वतंत्र वेळापत्रकाने चालते. वाढीची अवस्था दोन ते सहा वर्षांची. तेवढ्या काळात केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. मग दोन-तीन आठवड्यांची संक्रमणाची अवस्था येते आणि नंतर सुमारे तीन महिन्यांची विश्रांती. विश्रांती संपताना जुना केस सुटतो आणि त्याच पुटकातून नवा वर येतो.

निरोगी टाळूवर कोणत्याही वेळी दहा टक्क्यांच्या आसपास केस विश्रांतीत असतात. म्हणजे दहा हजार केस, आणि ते सुटायला सुमारे शंभर दिवस. भागाकार केला की रोजचे शंभर केस येतात. ‘दिवसाला ५० ते १०० केस जाणे स्वाभाविक’ या वाक्याचा आधार हा हिशेब आहे. आठवड्यातून एकदाच न्हाणाऱ्या बाईला आठवड्याचे सुटलेले केस एकाच दिवशी दिसतात. त्या दिवशीचा गुंता मोठा असणारच.

सुटलेल्या केसाच्या टोकाला पांढरा ठिपका दिसला की ‘मुळासकट गेला’ अशी भीती वाटते. तो ठिपका म्हणजे विश्रांतीतल्या केसाचा गदेसारखा फुगीर शेवट. पुटक त्वचेतच शाबूत असते. ठिपका नसलेला आखूड तुकडा हाती आला तर केस मधून तुटला आहे आणि दोष पुटकात नसून केसाच्या दांड्यात आहे.

२. काळानुसार वर्गीकरण

(अ) दिवस-आठवड्यांतली गळती. वाढीच्या अवस्थेतील पेशी फार वेगाने विभागत असतात. त्यांच्यावर विषारी आघात झाला की केस तिथल्या तिथे खुंटून झडतो. कर्करोगावरील केमोथेरपीनंतर दोन ते चार आठवड्यांत हेच घडते. नऊ दशांश केस वाढीतच असल्यामुळे हानी मोठी दिसते. परंतु पुटके जिवंत राहतात आणि औषध थांबल्यावर केस बहुधा परत येतात.

२०२४ च्या डिसेंबरअखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात काही गावांतल्या स्त्रिया, पुरुष आणि मुलांचे केस काही दिवसांतच हातात येऊ लागले. संशय आधी पाण्यावर, शॅम्पूवर, बुरशीवर गेला. पुढे तपासात रुग्णांच्या शरीरात सेलेनियमचे प्रमाण वाढल्याचे आढळले आणि वैद्यकीय संशोधक डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी त्याचा संबंध रेशनच्या गव्हाशी जोडला. एवढ्या वेगाने, एकाच वस्तीत आणि सर्व वयांत केस गेले म्हणजे आनुवंशिकता किंवा मानसिक ताण ही कारणे मागे पडतात आणि पोटात काय गेले, हा प्रश्न पुढे येतो.

(आ) दोन-तीन महिन्यांनी सुरू होणारी गळती. शरीरावर मोठा ताण आला की पुष्कळसे वाढते केस एकदमच विश्रांतीत जातात. ते लगेच पडत नाहीत. विश्रांतीचा काळ संपल्यावर पडतात. अमेरिकी त्वचाशास्त्रज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ मध्ये या विकाराला ‘टेलोजेन एफ्लूव्हियम’ हे नाव दिले. वरचाच हिशेब पुढे नेला तर विश्रांतीतले केस दहा टक्क्यांवरून तीस टक्क्यांवर गेले की रोज शंभराऐवजी तीनशे केस सुटतील. केस सगळ्या डोक्यावरून जातात, भांग विशेष रुंदावत नाही, वेणीचा पेड मात्र बारीक होतो.

डेंग्यू, टायफॉइड किंवा कोविडचा ताप, मोठी शस्त्रक्रिया, रक्तस्राव, झपाट्याने वजन उतरवणारा उपास, गर्भनिरोधक गोळ्या थांबवणे ही नेहमीची कारणे. ठळक उदाहरण बाळंतिणीचे. गरोदरपणात इस्ट्रोजेनच्या प्रभावाने केस वाढीच्या अवस्थेत अधिक काळ राहतात आणि दाट दिसतात. प्रसूतीनंतर तो प्रभाव ओसरतो, थांबून राहिलेले केस एकत्र विश्रांतीत जातात आणि बाळ तीन-चार महिन्यांचे झाले की गुंत्याने हातात येतात. त्याचा दोष अंगावर पाजण्याला देणे चूक आहे.

गळती सहा महिन्यांहून जास्त रेंगाळली, तर कारण शरीरात अजून चालू आहे का ते शोधावे लागते. लोहाची कमतरता आणि थायरॉइडचा बिघाड ही त्यातली मुख्य. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन उतरण्याआधीच शरीरातला लोहाचा साठा आटू लागतो. म्हणून हिमोग्लोबिन ठीक असले तरी हा साठा दाखवणारे फेरिटिन पाहणे उपयोगी ठरते. पाळीत जास्त अंगावर जाणे हे कारण बायका बहुधा आपणहून सांगत नाहीत; ते विचारावे लागते.

(इ) वर्षानुवर्षे होणारी विरळता. इथे गळालेले केस फारसे दिसत नाहीत. दिसतो तो रुंदावणारा भांग. पुटक दर चक्रात आकसते, वाढीचा काळ आखडतो आणि जाड केसाच्या जागी लव येऊ लागते. १९७७ मध्ये जर्मन त्वचाशास्त्रज्ञ एरिख लुडविग यांनी याच्या तीन पायऱ्या वर्णिल्या. माथा विरळ होतो, कपाळावरची केसांची रेषा मात्र बहुधा टिकते. पुरुषांच्या टकलापासूनचा हा ठळक फरक. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे आणि रजोनिवृत्तीनंतर प्रमाण वाढते. अनेक स्त्रियांच्या रक्तात अँड्रोजेन या पुरुषी संप्रेरकांची पातळी नेहमीइतकीच असते. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस असतील, मुरुमे असतील, तर मात्र पीसीओएस या अंडाशयाशी निगडित संप्रेरक-विकारासाठी तपासणी हवी.

(ई) जागेवरून ओळखू येणारे प्रकार. नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडला तर ती बहुधा चाई. ही कीड नव्हे; शरीराची प्रतिकारशक्तीच पुटकांवर उलटलेली असते. कपाळाच्या आणि कानशिलाच्या कडेचे केस जात असतील तर वेणी किंवा अंबाडा किती घट्ट बांधला जातो ते पाहावे. सततच्या ओढीने होणारी ही हानी सुरुवातीला भरून येते, वर्षानुवर्षे चालू राहिल्यास कायमची होते. सर्वांत तातडीचा प्रकार व्रणजन्य गळतीचा. टाळूची आग, खाज, लाली आणि त्यापाठोपाठ पुटकांची छिद्रेच न दिसणारी चकचकीत त्वचा, ही त्याची लक्षणे. रजोनिवृत्तीनंतर कपाळाची केसरेषा आणि भुवया मागे सरण्याचा एक व्रणजन्य प्रकार ऑस्ट्रेलियातील स्टीव्हन कोसार्ड यांनी १९९४ मध्ये नोंदवला. इथे गेलेला केस परत येत नाही. उरलेला वाचवणे एवढेच हाती असते. त्यामुळे ‘बघू काही दिवस’ म्हणणे इथे महागात पडते.

३. तपासणी

डॉक्टर आधी इतिहास विचारतात, मग भांगाची रुंदी माथ्यावर आणि मागच्या बाजूला ताडून पाहतात. ५०-६० केसांची बट चिमटीत धरून हलकेच ओढण्याची साधी चाचणी चालू गळतीचा अंदाज देते. डर्मोस्कोप या भिंगातून शेजारशेजारच्या केसांच्या जाडीतला फरक दिसतो. तो ठळक असेल तर पुटके आकसत आहेत. व्रणाचा संशय असेल तर त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासतात. रक्ताच्या तपासण्यांत हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइडसाठी टीएसएच बहुतेकींना पुरतात, बाकीच्या लक्षणांनुसार.

इथे बायोटिनची नोंद आवश्यक आहे. केसांच्या बहुतेक गोळ्यांत ते असते, पण त्याची खरी कमतरता विरळ. उलट जास्त मात्रेतील बायोटिनमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या काही रक्तचाचण्यांचे निकाल चुकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला. केसांसाठी घेतलेली गोळी अशा रीतीने केसांचेच निदान बिघडवू शकते. अ जीवनसत्त्व आणि सेलेनियमही जादा झाले की केस गळतात. पूरक गोळ्या निरुपद्रवी असतात हा समज खरा नाही.

४. उपचार

ताणानंतरच्या गळतीत कारण दूर करणे हाच उपचार. लोह कमी असेल तर लोह, थायरॉइड बिघडले असेल तर त्याचे औषध, आहारात डाळी, कडधान्ये, अंडी, दूध यांतून पुरेशी प्रथिने. कारण सरले की गळती बहुधा सहा महिन्यांत आवरते. नवे केस नजरेत भरण्याइतके वाढायला मात्र महिन्याला एक सेंटिमीटरच्या गतीने वर्ष-दीड वर्ष जाते.

विरळतेवरचे सर्वांत पारखलेले औषध मिनॉक्सिडिल. ते मुळात रक्तदाबावरचे. गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले तेव्हा त्याचा हा गुण लक्षात आला. अमेरिकेत स्त्रियांसाठी दोन टक्क्यांच्या द्रावणाला १९९१ मध्ये आणि पाच टक्क्यांच्या फेसाला २०१४ मध्ये मान्यता मिळाली. ते टाळूला लावायचे, केसांना नव्हे. थांबवले की मिळालेला लाभ काही महिन्यांत ओसरतो. चेहऱ्यावर लव वाढू शकते. गरोदरपणात ते टाळतात. अत्यल्प मात्रेच्या गोळीचा वापरही अलीकडे वाढला आहे, पण तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हवा. अँड्रोजेनला अडवणारे स्पायरोनोलॅक्टोन काहींना उपयोगी पडते. मात्र पुरुष गर्भाला त्यापासून धोका असल्याने सोबत गर्भनिरोध अपरिहार्य. पुरुषांना चालणारी फिनास्टेराइडची एक मिलिग्रॅमची गोळी रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांवरील वर्षभराच्या चाचणीत निष्प्रभ ठरली.

चाईच्या छोट्या चट्ट्यात स्टेरॉइडची सुई देतात. तीव्र चाईसाठी बॅरिसिटिनिब या गोळीला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. स्वतःच्या रक्तातील प्लेटलेट टाळूत टोचण्याचा उपचार काहींना लाभतो, पण पद्धती एकसारखी नाही आणि खर्च मोठा. केशारोपणासाठी मागचे केस भक्कम असावे लागतात. अनेक स्त्रियांचे तेही विरळ असतात.

आणि तेल? २००३ मध्ये मुंबईच्या मॅरिको कंपनीतील संशोधकांनी खोबरेल तेलामुळे केसातील प्रथिनांची झीज कमी होते असे दाखवले. कंपनी तेच तेल विकते हे ध्यानात ठेवूनही निष्कर्ष समजण्यासारखा आहे: खोबरेल दांड्यात मुरते, केस कमी तुटतो. तुटणाऱ्या केसाला त्याचा आधार आहे. पुटकातून सुटणाऱ्या केसाला नाही.

५. श्रेयाची चूक

केसांच्या बाबतीत लोकानुभव फसवा का ठरतो, याचे उत्तर चक्राच्या गणितातच आहे. डेंग्यूनंतर केस गळू लागलेली बाई घाबरून माक्याचे तेल सुरू करते. गळती आपल्या मुदतीने थांबते आणि श्रेय तेलाला जाते. तीच बाटली मग शेजारच्या, भांग रुंदावत चाललेल्या बाईच्या हाती पडते आणि तिची दोन वर्षे वाया जातात. मिनॉक्सिडिलचे उलट होते. ते विश्रांतीतल्या पुटकांना लवकर जागे करते, त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत जुने केस जास्तच सुटतात. बाई दचकून औषध सोडते. त्याचा खरा निकाल चार ते सहा महिन्यांनी लागतो. निरुपयोगी उपायाला प्रशस्तिपत्र आणि उपयोगी उपायाला दोष, दोन्ही त्याच विलंबामुळे.

म्हणून कोणत्याही बाटलीचे झाकण उघडण्याआधी दिनदर्शिकेची मागची तीन पाने उलटावीत. ताप, बाळंतपण, उपास, नवे औषध यांपैकी काही सापडले तर धीर धरण्याला आधार मिळतो. काहीच सापडले नाही आणि भांग मात्र रुंदावत असेल, तर भांगाचा एक फोटो काढून ठेवावा आणि डॉक्टर गाठावा. सहा महिन्यांनी औषध लागू पडले की नाही, हे आठवणीपेक्षा तो फोटो जास्त प्रामाणिकपणे सांगेल.