ट्रॉम्बची भिंत खरी कोणाची?

दक्षिणेकडे तोंड केलेली जाड भिंत, तिला काळा नाहीतर गडद रंग, पुढे थोडी फट सोडून काच आणि भिंतीला खाली-वर झरोके. उन्हानं भिंत तापते आणि काच ती ऊब वाऱ्याबरोबर जाऊ देत नाही. फटीतली गरम हवा वरच्या झरोक्यातून खोलीत येते, खोलीतली गार हवा खालच्यातून फटीत शिरते. पंखा लागत नाही, सरपण लागत नाही. याला जगभर ‘ट्रॉम्ब वॉल’ म्हणतात, फेलिक्स ट्रॉम्ब या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावावरून.

पण अमेरिकेतल्या पेटंटच्या कागदांत 6 सप्टेंबर 1881 ची एक नोंद आहे, क्रमांक 246,626. पेटंट घेणारा एडवर्ड मोर्स, मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमचा. हा गृहस्थ अभियंता नव्हताच! शंखशिंपल्यांसारख्या प्राण्यांचा अभ्यासक. त्यासाठी जपानला गेला आणि तिथे 1877 मध्ये ओमोरीचा प्राचीन शिंपल्यांचा ढीग शोधून काढला. जपानी पुरातत्त्वशास्त्राची सुरुवात त्या उत्खननापासून धरतात. असा माणूस परत येऊन घर उन्हानं कसं तापवावं याचं पेटंट घेतो, हे मला फार आवडतं. काच, तिच्यामागे गडद रंगाची पाटीच्या दगडाची फरशी, आणि हवा हवी तशी वळवायला झडपा. सगळं त्यात आहे.

मग ट्रॉम्बचं काय राहिलं? मोर्सवर अन्याय झाला, असं लिहून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. मोर्सची पाटी पातळ. ऊन आहे तोवर खोली उबदार, ऊन कललं की पाटीही निवली. म्हणजे ते हवा तापवायचं साधन. ट्रॉम्बची भिंत मुळात साठवणीची. काँक्रीटमधून उष्णता साधारण तासाला दोन-अडीच सेंटिमीटर सरकते. तीस-चाळीस सेंटिमीटरची भिंत घेतली तर दुपारचं ऊन आतल्या अंगाला पोचेपर्यंत रात्र झालेली असते. ऊब हवी तेव्हाच पोचते. इथे भिंतीची जाडी म्हणजे एक प्रकारचं घड्याळच.

गंमत म्हणजे ट्रॉम्बचा मूळ विषय अगदी उलट टोकाचा होता. पिरेनीज डोंगरात, ओदेयोला, आरशांनी ऊन एकवटून 3000 अंशांच्या वर तापमान नेणारी प्रचंड सौरभट्टी त्याच्या पुढाकारानं उभी राहिली. त्याच गावात 1967 मध्ये त्यानं जाक मिशेल या वास्तुविशारदाबरोबर घर बांधलं, तेही विशीच्या आसपासच्या अंशांसाठी. भिंत तब्बल 60 सेंटिमीटर जाड काँक्रीटची. पुढच्या घरांत ती बरीच पातळ झाली. मिशेलचं नाव मात्र इंग्रजी लिखाणात बहुतेक वेळा गळूनच गेलं. अन्याय शोधायचाच तर मला तो इथे दिसतो.

1973 च्या तेलसंकटानंतर या कल्पनेला एकदम भाव आला. 1975 मध्ये डग केल्बॉ या वास्तुविशारदानं प्रिन्स्टनला स्वतःचं घर याच तत्त्वावर बांधलं आणि ते खूप गाजलं.

आपल्याकडे ही भिंत पोचली ती लडाखात, सत्तरचं दशक संपता संपता. हेलेना नॉर्बर्ग-हॉज यांच्या लडाख प्रोजेक्टनं तिथे या भिंतींचा प्रसार केला. जागा अगदी योग्य: हिवाळ्यात पारा उणे वीसपर्यंत उतरतो, पण आकाश बहुतेक निरभ्र, आणि जाळायला लाकूड दुर्मीळ, मुख्य जळण शेणाचं. काँक्रीटही लागलं नाही. उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांच्या जाड भिंती तिथे होत्याच. त्यांना दक्षिणेकडून काळा रंग द्यायचा आणि पुढे लाकडी चौकटीत काच बसवायची. काच तेवढी घाट ओलांडून आणावी लागे. एक पथ्य मात्र पाळावं लागतं: सूर्य मावळला की झरोके बंद करायचे. नाहीतर फटीतली हवा गार होऊन खालच्या झरोक्यानं खोलीत उतरते, खोलीतली ऊब वरच्यातून बाहेर ओढली जाते आणि चक्र उलटं फिरायला लागतं.