पहिली नजर : मराठी कादंबरीतील आकर्षण आणि आदर

दुधनीसारख्या महाराष्ट्र-कर्नाटक सरहद्दीवरच्या गावांत मुलगी पाहण्याची रीत मराठी आणि कानडी, दोन्ही घरांत सारखीच होती. पहिली नजर वडीलधाऱ्यांची. रूप, कूळ आणि देणेघेणे तेच पारखत. वधूवरांना एकमेकांविषयी मत बनवायला वावच नव्हता. याउलट इंग्लंडमध्ये जेन ऑस्टिनने १८१३ सालच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये पहिल्या भेटीतला गैरसमज ओसरून आदर कसा वाढतो हे रंगवले. तेवढ्यासाठी नायक-नायिकेला वारंवार भेटण्याची मोकळीक हवी, आणि बालविवाहाच्या समाजात नेमकी तीच नव्हती.

म्हणून हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो’मध्ये जिव्हाळा लग्नानंतर उमलतो. नायिका यमूला नवरा शिकवतो आणि त्या शिकण्यातूनच दोघांत बरोबरीचा आदर येतो. प्रथमदर्शनाची जागा येथे वाचनाने घेतली, आणि हे मराठी कादंबरीचे खास योगदान मानावे लागेल. वामन मल्हार जोशींच्या ‘रागिणी’त तर स्त्रीपुरुष तत्त्वचर्चा करतात, कधी कधी जरा जास्तच.

पुढे मुली महाविद्यालयात जाऊ लागल्या. १९२९च्या शारदा कायद्याने मुलींच्या लग्नाचे किमान वय १४ ठरवले. ना. सी. फडक्यांच्या कादंबऱ्यांत सुशिक्षित तरुण-तरुणी स्वतः भेटतात, पहिल्या नजरेतच मोहतात. आदर मात्र पुष्कळदा गृहीत धरलेला असतो. विभावरी शिरूरकरांच्या १९३३च्या ‘कळ्यांचे निःश्वास’ या कथासंग्रहाने पारखले जाणाऱ्या मुलीची बाजू मांडली, तेव्हा केवढी खळबळ उडाली!