शिकारी रायफलीचा प्रत्याघात : चांद्याच्या अरण्यातील एक प्रश्न

चांदा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या, अरण्यात चालणाऱ्या शिकारीचा विचार करताना रायफलीची गुणवत्ता बहुधा शिकाऱ्याच्या बाजूनेच पाहिली जाते. ती दृष्टी अपुरी आहे.

१८९५ च्या नमुन्याची अमेरिकन .४०५ विंचेस्टर ही तरफेची, म्हणजे लिव्हर पद्धतीची, रायफल. तिचे वजन सुमारे ८.२५ पौंड, गोळी ३०० ग्रेनची, वेग सेकंदास सुमारे २२०० फूट. १९०७ मध्ये हिंदुस्थानात .४५० व्यासावर निर्बंध आल्यावर पुढे आलेली इंग्रजी .४७० दुनळी सुमारे ११ पौंडांची. तिची गोळी ५०० ग्रेनची, वेग सुमारे २१५० फूट. केवळ गोळीचा संवेग धरल्यास दुनळीची प्रत्याघात-ऊर्जा दुप्पट येते. तथापि विंचेस्टरचा अरुंद दस्ता व त्यावरील पोलादी पट्टी यांमुळे तिचा धक्का खांद्यास अधिक बोचे. तरफेने अनेक बार काढता येत. परंतु दुनळीचा दुसरा बार नुसता चाप ओढताच सुटे.

हा भेद गौण नव्हे. १८७८ च्या शस्त्रकायद्याने परवान्याखेरीज शस्त्र बाळगण्यास बंदी असल्यामुळे बांबूच्या रानात उतरणारा हाकेकरी बहुधा बंदुकीवाचून असे. धक्क्याच्या धास्तीने नेम चुकला, तर जखमी वाघाशी गाठ प्रथम त्याचीच पडण्याचा संभव असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ही शिकार इतिहासजमा झाली. तथापि रायफलीचे मूल्यमापन करणाऱ्या अभ्यासकाने शिकाऱ्याच्या खांद्याबरोबर हाकेकऱ्याच्या जिवाचाही हिशेब मांडला पाहिजे.