तपासणी आणि कृती यांमधील क्षण : कर्नलमधील 'रेस कंडिशन' दोषाचा इतिहास

प्रस्तावना

संगणक-सुरक्षेचा इतिहास बहुधा विषाणू आणि चोरलेले पासवर्ड यांच्या अंगाने लिहिला जातो. कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, दडून राहणाऱ्या 'रेस कंडिशन' या दोषाकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. प्रस्तुत लेखात लिनक्समधील 'डर्टी काऊ' प्रकरणाच्या आधारे या दोषाचा मागोवा घेतला आहे.

दोषाचे स्वरूप शाहूपुरीतील गुळाच्या पेढीच्या कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. शेतकऱ्याच्या खात्यावर ५,००० रुपये शिल्लक आहेत. एका दिवाणजीने वही पाहून ४,००० रुपयांची उचल दिली. ती नोंद होण्याआधीच दुसऱ्यानेही तीच वही पाहून तेवढीच उचल दिली. दोघांचाही हिशेब बरोबर, पेढी मात्र ३,००० रुपयांनी बुडाली.

एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६५ मध्येच परस्परवर्जनाच्या प्रश्नाची उकल मांडली होती. १९७४ मध्ये आयबीएमच्या नियतकालिकात डब्ल्यू. एस. मॅकफी यांनी तपासणी व वापर यांमधील अंतर हा सुरक्षेचाच प्रश्न असल्याचे दाखविले. तेव्हा ज्ञानाचा अभाव हे कारण पुढे करता येत नाही. लिनक्सच्या १९९६ मधील २.० आवृत्तीने अनेक प्रोसेसर हाताळण्यासाठी साऱ्या कर्नलला एकच कुलूप लावले. वेगासाठी त्याच्या जागी हळूहळू लहान कुलुपे आली आणि २०११ मध्ये ते मूळ कुलूप काढून टाकण्यात आले.

'डर्टी काऊ' प्रकरण

केवळ वाचनाची परवानगी असलेल्या फाइलच्या खासगी प्रतीवर लिहिण्याची मागणी झाली, की कर्नल आधी पानाची नक्कल करतो आणि लेखन त्या नकलेवर होते. या प्रकरणात एक धागा लेखनाची मागणी करी, तर दुसरा त्याच वेळी ती नक्कल टाकून देण्यास सांगे. नक्कल झाल्यावर कर्नल 'हे लेखन आहे' ही खूण विसरत असे. पुन्हा शोध घेताना त्याच्या हाती मूळ पान येई आणि लेखन थेट त्यावर होई. परिणामी सामान्य वापरकर्ता सर्वाधिकारी होऊ शके. २००७ च्या २.६.२२ आवृत्तीपासूनचे कर्नल आणि अँड्रॉइड फोनही यात सापडले.

इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब पुढेच आहे. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये ही शर्यत बंद करण्याचा प्रयत्न केला होता; आयबीएमच्या एस ३९० यंत्रांवर अडचण आल्याने ती दुरुस्ती मागे घेतली गेली. ऑक्टोबर २०१६ मध्ये नवी दुरुस्ती करताना त्यांनी हे स्वतःच नोंदविले, आणि एकेकाळी केवळ तात्त्विक वाटलेली शर्यत आता घडवून आणणे सोपे झाल्याचेही मान्य केले. फिल ओस्टर यांना हा हल्ला प्रत्यक्ष वापरात असलेला आढळला होता. २०१७ मध्ये तर मोठ्या आकाराच्या पानांसंदर्भात या दुरुस्तीतच नवी फट सापडली. दुर्मीळ म्हणून दोष बाजूस ठेवण्याची ही सवय प्रोग्रामरांपुरती मर्यादित नाही.

या प्रश्नाच्या सैद्धांतिक बाजूचा एक धागा महाराष्ट्रातून जातो. मुंबईच्या आयआयटीतून १९८७ मध्ये पदवी घेतलेल्या सरिता आडवे यांनी मार्क हिल यांच्यासह १९९० मध्ये शर्यतमुक्त प्रोग्रामची संकल्पना मांडली. पुढे जावा व सी++ या भाषांची स्मृती-प्रारूपे तिच्यावर उभी राहिली. २०२० मध्ये लिनक्सच्या ५.८ आवृत्तीत शर्यती हुडकणारे 'केसीसॅन' हे साधन आले. परंतु ते शोधते ती स्मृतीच्या वापरातील शर्यत. 'डर्टी काऊ'मधील शर्यत मुख्यतः तर्कक्रमातील होती.